सोपवलेली माणसं : एकटेपणाच्या काळात ख्रिस्ती श्रद्धा काय देते?

मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सावली लागते. हा झाडीपट्टीचा मुलूख, धानाचा आणि तलावांचा. असोलामेंढ्याचा तलाव याच तालुक्यात. पण धान निघालं की इथल्या आणि शेजारच्या तालुक्यांतली अनेक मजूर कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला निघून जातात. सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला जंगलात गेलेलं माणूस संध्याकाळी परत येईल की नाही, ही धास्ती वाघाच्या या पट्ट्यात रोजची झाली आहे. एकटेपण हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असं समजणाऱ्यांनी हा भाग पाहायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं की जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपण ग्रासतं, आणि गरीब देशांत त्याचं प्रमाण अधिक आहे. अशा काळात धर्म आधार देतो, हे वाक्य सगळेच धर्म म्हणतात. ख्रिस्ती श्रद्धेपुरता त्याचा नेमका अर्थ काय, तो आधार कसा मिळतो, कुणाला मिळत नाही आणि त्याची किंमत काय पडते, याचा आढावा मराठी माणसांच्या नोंदींवरून घेता येतो. त्या नोंदी वाचून माझं मत असं झालं आहे की या श्रद्धेतून मिळणारा दिलासा क्वचितच आधी येतो. आधी येतात ती सोपवलेली माणसं आणि सोपवलेलं काम, आणि दिलासा त्यांच्या मागून येतो. जिथे माणसं आणि काम दिलं गेलं नाही, तिथे नुसता दिलासा फार टिकलेला दिसत नाही.

मुळात बायबलमध्येच या गोष्टीचा कित्ता आहे. एलिया संदेष्टा राणीच्या भीतीने रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण एकटेच उरलो आहोत, असं तो देवाला पुन्हा पुन्हा सांगतो. कथेत त्याला प्रवचन मिळत नाही. आधी त्याला झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप. पुढे पर्वतावर देव त्याच्याशी बोलतो तेव्हा तो त्याला तीन कामं देतो. त्यातलं एक म्हणजे अलीशाला, म्हणजे एका सोबत्याला, आपल्यानंतरचा संदेष्टा म्हणून नेमणं. आणि शेवटी त्याला कळतं की त्याच्यासारखी आणखी सात हजार माणसं आहेत. खुद्द क्रुसावरच्या प्रसंगात, योहानाच्या शुभवर्तमानानुसार, मरणारा येशू आईला एका शिष्याच्या आणि शिष्याला आईच्या स्वाधीन करतो. दोन दुःखी माणसांना तो एकमेकांची जबाबदारी देतो. त्याच क्रुसावर, मत्तय आणि मार्क यांच्या सांगण्याप्रमाणे, देवाने आपल्याला सोडलं असंही तो ओरडतो. म्हणजे एकटेपण नाकारणं हा या श्रद्धेचा आरंभ नाही. तिच्या केंद्रस्थानीच एक सोडून दिलेला माणूस आहे. एकाकी माणसाला ही श्रद्धा जवळची वाटते त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

आता मराठी पुरावा. सगळ्यात सबळ साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची आहे, आणि ती सोयीची नाही, म्हणूनच महत्त्वाची आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात जे एकटेपण आलं ते ख्रिस्ती श्रद्धेनेच आणलं होतं. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून दुरावलेला, नातलगांच्या घरी आश्रिताचं जिणं, लोकांच्या नजरा, अशी काही वर्षं त्यांनी काढली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येतं की या काळात त्यांना धर्माने दिलासा दिल्याचा दावा त्या कुठेही घाईने करत नाहीत. त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. आधी शिवाशिव सुटली, म्हणजे आधी माणसं जवळ आली. बाप्तिस्मा त्यांनी पुढे १९०० मध्ये घेतला. मग दुष्काळातली, अनाथ, कुणाचीही मुलं त्यांच्या घरात येत राहिली. प्लेगच्या छावणीत आजारी मुलींची सेवा त्यांनी केली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१९ मध्ये टिळक गेले, त्याआधी वर्षभर बालकवीही गेले होते. त्यानंतरच्या वैधव्यात टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ लिहीत बसणं हे काम लक्ष्मीबाईंना मिळालं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने त्या महाकाव्याचे बहुसंख्य अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ त्यानंतर छापून निघाला. या आयुष्याला कुणी भक्तीची कथा म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे : घर माणसांनी भरत गेलं आणि श्रद्धा त्या घरात मुरत गेली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून कठोर आहे. आईवडील दुष्काळात गेले, बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये नवरा बिपिनबिहारी मेधावी गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला पोचल्या, आणि तिथे वाँटेजला त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या ठिकाणी टीकाकार थांबतो आणि म्हणतो की परक्या देशात, आश्रितावस्थेत, शोकाने खचलेल्या बाईचा हा निर्णय श्रद्धेचा कसा म्हणायचा? शंका रास्त आहे. तिला उत्तर रमाबाईंच्या पुढच्या पत्रव्यवहारात मिळतं. वाँटेजच्या ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर, स्वतःच्या विवेकावर वर्षानुवर्षे भांडल्या. केवळ आधाराच्या गरजेने बाटलेली बाई आसरा देणाऱ्यांशी असं भांडत नाही. दुसरं उत्तर त्यांच्या कामात आहे. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे पुण्याला गेलं, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात त्यांचे हितचिंतक दूर झाले. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना केडगावला घेऊन आल्या. आपल्या आईवडिलांचा जीव ज्या दुष्काळाने घेतला तो त्यांनी पुन्हा समोर पाहिला, आणि या वेळी त्या माणसं परत आणू शकल्या. विसावं शतक उजाडताना केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार स्त्रिया-मुली होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्या भाषांतराची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. लेकीचं दुःख भाषांतराने भरून निघालं असं कुणी म्हणू नये. एवढंच म्हणता येतं की त्या दुःखात त्यांच्यापाशी सकाळी उठून करायचं काहीतरी होतं, आणि ते करायला भोवती माणसं होती.

आपल्या भागाशी सर्वात जवळचा साक्षीदार मात्र फारसा कुणाला आठवत नाही. नागपूरला स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. गोंडांबद्दलच्या त्यांच्या टिपणांवर आजही अभ्यासक विसंबतात. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पुढे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन निघालं, आणि त्याच्या आरंभीच्या काळात तिथे काम केलं ते नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांनी. बनारसला वाढलेला हा कोकणस्थ पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला. षड्दर्शनांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. रमाबाईंच्या निर्णयावरही त्यांच्या लेखनाचा प्रभाव होता. आणि हे गोरे आयुष्यभर शंकांनी पोळलेले गृहस्थ होते. ज्या श्रद्धेसाठी घर, जात, प्रतिष्ठा सोडली तीच खरी की नाही, या प्रश्नाने त्यांना वारंवार घेरलं. पत्नी लवकर गेली, मुलगी परक्या घरात वाढली. ज्या संन्यस्त संघात ते दाखल झाले त्यात अखेरपर्यंत उमेदवारच राहिले. अनिश्चिततेतून ते कधी सुटलेच नाहीत, आणि तरी शिकवणं, लिहिणं, गावोगाव जाणं थांबलं नाही. श्रद्धा म्हणजे शंकेचा अभाव, असं मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना, म्हणजे प्रवचनकारांना आणि नास्तिकांनाही, गोऱ्यांचं आयुष्य अडचणीचं आहे. मला ते अतिशय आश्वासक वाटतं. उद्देश मिळायला खात्री लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं.

या चरित्रांना आकड्यांची जोड मिळते का? मिळते, पण जपून वापरायची. अमेरिकेतल्या ७४ हजारांहून अधिक परिचारिकांच्या नोंदी हार्वर्डच्या संशोधकांनी तपासल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केल्या. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात नियमित जाणाऱ्या स्त्रियांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सुमारे पाचपटीने कमी होतं. या संशोधनाचे प्रमुख टायलर वँडरवील सांगतात की फरक दिसतो तो एकत्र उपासनेत. घरी बसून केलेल्या खासगी चिंतनाचा तसा परिणाम दिसत नाही. एमिल दुर्खीमने १८९७ मध्येच हा धागा पकडला होता : माणसाला मरणापासून रोखण्यात त्याला बांधून ठेवणाऱ्या समूहाचा वाटा सिद्धांतापेक्षा मोठा असतो. केनेथ पार्गमेंट यांनी याची काळी बाजू दाखवली. २००१ च्या त्यांच्या अभ्यासात देवाने आपल्याला टाकलं, देवाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं वाटणाऱ्या आजारी वृद्धांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक होता. म्हणजे तीच श्रद्धा औषधही होते आणि विषही. अमेरिकन परिचारिकांचे आकडे सावलीच्या मजूर बाईला जसेच्या तसे लागू पडतील असं मी म्हणत नाही. पण दिशा तीच आहे, आणि लक्ष्मीबाई-रमाबाईंच्या चरित्रांतून दिसणाऱ्या क्रमाला ती पुष्टी देते.

या मांडणीवरच्या आक्षेपांपैकी सर्वात वजनदार आक्षेप सावलीतच सापडतो. फेब्रुवारी-मार्च १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीला भरलं होतं. खादीच्या कामाचं हे केंद्र होतं आणि गांधीजी इथे मुक्कामाला होते. गिरिप्रवचनावर त्यांचं प्रेम होतं, पण सेवेच्या आडून केलेल्या धर्मांतराला त्यांचा त्या वर्षांत कडाडून विरोध होता. दुःखी, भुकेल्या माणसाच्या हतबलतेचा फायदा घेणं हा धर्म नव्हे, हे त्यांचं म्हणणं. दुष्काळात धान्यासाठी बाटलेल्यांची हेटाळणी मराठी समाजाने भरपूर केली आहे, आणि मिशनांनी कधीच कुणाच्या गरजेचा उपयोग करून घेतला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. माझं उत्तर एवढंच की गांधीजींचा आक्षेप मान्य केल्याने माझा मुद्दा मोडत नाही, उलट घट्ट होतो. एकाकी माणसाला आमिष दिलं की तो घेणारा होतो आणि घेणाराच राहतो. त्याला काम आणि माणसं दिली की तो देणारा होतो. रमाबाईंच्या मुक्तीत छपाई, विणकाम, शेती हे सगळं होतं ते याचसाठी. जिथे मिशनने माणसाला फक्त लाभार्थी ठेवलं तिथे श्रद्धाही उसनी राहिली.

व्हेरियर एल्विन यांचा आक्षेप वेगळा. ते ख्रिस्ती धर्मसेवक म्हणून १९३२ मध्ये गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरचे बिशप अॅलेक्स वुड, ज्यांची आधीची वर्षं चांद्याच्या मिशनमध्ये गेली होती, त्यांच्याशी एल्विन यांचं बिनसलं, आणि काही वर्षांत त्यांनी चर्च सोडलं. आदिवासींचं सामूहिक जीवन, त्यांचं गोटूल (तरुणांचं सामूहिक घर), त्यांची गाणी हाच त्यांचा आधार आहे, तो बाहेरच्यांनी मोडू नये, असं ते पुढे लिहीत राहिले. गडचिरोलीतल्या माडियांच्या गावात आजही हे खरं आहे. ज्याच्याकडे गोटूल आहे त्याला एकटेपणावर उपाय सांगायला जाणं उद्धटपणाचं आहे. पण गोटूल नसलेल्या, गाव सोडून ब्रह्मपुरीच्या खोलीत राहणाऱ्या पोराचं काय? त्याला नवी माणसं हवी आहेत, मग ती कुठूनही येवोत.

कुठूनही येवोत, असं मी म्हणतो तेव्हा पुढचा आक्षेप ओघानेच येतो : हे सगळं ख्रिस्ताशिवाय होतं, मग ख्रिस्ती श्रद्धेचं वेगळेपण काय? होतंच. सावलीच्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना त्यांनी भीक नाकारून काम दिलं. याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली, आणि पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर एकाकी ठेवलेल्या लोकांना संघ मिळाला. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना झाडीपट्टीच्या कितीतरी गावांत संध्याकाळी लोकांना एका जागी बसवते. ख्रिस्ती माणसाने या तिन्ही गोष्टी आनंदाने मान्य कराव्यात. मक्तेदारी सिद्ध करण्याची गरज नाही. वेगळेपण असेल तर ते एवढंच : इथे ज्याची भक्ती करायची तो देवच टाकलेला, एकटा पडलेला आहे, म्हणून टाकलेल्या माणसाकडे जाणं हे उपासनेचंच अंग ठरतं. हे अंग गळालं की उरतं ते गाणं आणि प्रवचन.

किंमतीबद्दल बोलायला हवं. श्रद्धेने आणलेलं एकटेपण लक्ष्मीबाईंच्या काळातच संपलं असं नाही. अनुसूचित जातीच्या माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शीख आणि बौद्धांना तो मिळतो, ख्रिस्त्यांना नाही. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमध्ये एका ख्रिस्ती माणसाला वडिलांचं दफन आपल्या छिंदवाडा गावात करू दिलं गेलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली, आणि अखेर दूरच्या कर्कापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. शव तोवर शवागारात होतं. गावात जन्मलेल्या माणसाला गावात माती मिळू नये, यापेक्षा मोठं एकटेपण कोणतं? म्हणून नव्याने विश्वासात येणाऱ्याला शांती मिळेल, सगळं सुरळीत होईल, असं सांगणारे लोक त्याची फसवणूक करतात. त्याला आधी सांगायला हवं की काही दारं बंद होतील, आणि मग हेही की आमची दारं उघडी आहेत. दुसरं वाक्य खरं करून दाखवता येणार नसेल तर श्रद्धेची ओळखही करून देऊ नये.

आतून येणारी किंमत वेगळीच. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांना दशकानुदशकं देवाची जाणीव होत नव्हती. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला ते गोऱ्यांच्या शंकांचं सख्खं भावंड वाटतं. जाणीव नव्हती, काम होतं, आणि कामात माणसं होती. पण इथे एक धोका स्पष्ट सांगतो : हे उदाहरण खऱ्या नैराश्याच्या रुग्णाला लागू करू नये. ज्याला झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही, त्याला अधिक प्रार्थना कर, अधिक सेवा कर असं सांगणं क्रूरपणाचं आहे. तुझ्या पापामुळे किंवा अल्पविश्वासामुळे असं झालं, हे सांगणं तर पार्गमेंट यांनी दाखवलेलं विषच. एलियालाही काम मिळण्याआधी झोप आणि भाकर मिळाली होती. आजच्या भाषेत ती झोप आणि भाकर म्हणजे डॉक्टर, औषध आणि समुपदेशन. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर ते फुकट सुरू होतं. पाळकाने तो क्रमांक वेदीवरून सांगावा, त्याने श्रद्धेला काही कमीपणा येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीतला ख्रिस्ती समाज लहान आहे. अख्ख्या महाराष्ट्रातच २०११च्या जनगणनेत ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी होते. १९६२ पासून बल्लारपूरकडून चालणारं सिरो-मलबार कॅथलिकांचं काम, त्याआधीच्या मिशनांच्या जुन्या मंडळ्या, अलीकडे घराघरांत भरणाऱ्या प्रार्थनासभा, सगळं मिळूनही संख्या थोडी. पण एकटेपणावर संख्येने मात होत नाही, भेटीने होते, आणि लहान मंडळीला प्रत्येकाचं नाव माहीत असतं हा तिचा मोठा लाभ आहे. माझी विनंती या मंडळ्यांच्या पाळकांना, भगिनींना, वडीलधाऱ्यांना आहे. धान निघाल्यावर मजूर तेलंगणात जातात तेव्हा मागे कोण उरतं याची यादी दर वर्षी करा, ख्रिस्ती असो वा नसो. वाघाने ज्या घरातलं माणूस नेलं त्या घरी तेराव्यानंतरही जात राहा, आणि जाताना धर्माची पत्रकं घरीच ठेवा. जो एकटा तुमच्या दारी येईल त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवू नका. त्या यादीतलं एक घर पहिल्याच महिन्यात त्याच्या स्वाधीन करा.